बाराच्या पुढची दोन शून्यं

७ जानेवारी

टिल्लू,

आधी वर 'चि.' लिहिलं होतं, मग कागद बदलला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बहिणीला 'चि.' लिहायला हरकत नसते, पण एकोणीस वर्षं जिच्याशी बोलणं नाही तिला आशीर्वाद कोणत्या तोंडाने द्यायचे, हे मला ठरवता आलं नाही. टिल्लू हे नाव मीच ठेवलं होतं, तेवढा हक्क धरतो.

पत्राचं कारण कामाचं आहे. परवा आमच्या कारखान्यात परवाना मंडळाचं पत्र आलं. तपासणीचा परवाना परत मिळावा म्हणून तू अर्ज केला आहेस, आणि ज्या प्रकरणात तो गेला त्याचे कागद मंडळाला हवे आहेत. सुनावणी २० मार्चला आहे. पन्नाशीनंतर अर्ज घेत नाहीत, म्हणजे ही तुझी शेवटची खेप, हेही त्या पत्रातूनच कळलं.

पत्र माझ्याच टेबलावर आलं. ड्रॉइंगचं काम संगणकावर गेल्यापासून मला रेकॉर्ड रूम दिली आहे. तीन कपाटं, एक स्टूल, एक स्कॅनर, आणि तो चालवणारी एक मुलगी. ती मला काका म्हणते आणि मी काहीही सांगितलं की 'हो का' म्हणते. ३१ मार्चला मी निवृत्त होतोय. हिशोब करणाऱ्याने नोकरीची वर्षं '३४.०' अशी छापली आहेत. त्याने तारखा नीट मोजल्या असाव्यात, नाहीतर पुढचं शून्य कशाला लिहील?

फाइल नियमाप्रमाणे पाठवीन. तुला आधी कळवावं, एवढाच हेतू. पत्ता मावशीने दिला. देताना तिने दोनदा विचारलं, "भांडायला तर लिहीत नाहीस ना?"

तुझी वहिनी बरी आहे. माझी साखर थोडी वाढली आहे. तू गिरणीत कापडाचे गठ्ठे मोजून घेतेस, असं मावशी म्हणाली. शतांश मिलिमीटर वाचणाऱ्या बाईने गठ्ठे मोजावेत! हे लिहायला नको होतं, पण दुसऱ्यांदा कागद बदलत नाही.

दादा


२१ जानेवारी

टिल्लू,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

फाइल काढली. अगदी बारीक आहे. अपघाताचा अहवाल, तू केलेल्या तपासणीचा तक्ता, तुझा जबाब, आणि लिफ्टच्या ब्रेकच्या पिनचं ड्रॉइंग. एका माणसाची नोकरी घालवायला चार कागद पुरतात. स्कॅनरवाल्या मुलीने ते एकेक करून मशीनमध्ये घातले आणि पहिल्यांदाच 'हो का' सोडून दुसरं काहीतरी बोलली.

"काका, ह्या बाई लिहितायत कागदावर बारा होतं. ड्रॉइंगवर बारा पॉइंट शून्य शून्य आहे. एकच की ते! मग ह्यांना कामावरून काढलं कशाला?"

तिला मी पेन्सिलीची गोष्ट सांगितली. तू दहा वर्षांची होतीस तेव्हाची. मी नुकताच ट्रेनिंगला लागलो होतो आणि घरी व्हर्नियर घेऊन आलो होतो. तुझ्या पेन्सिलीचा तुकडा तुझ्या शाळेच्या पट्टीने मोजला, आठ सेंटिमीटर. व्हर्नियरने मोजला, आठ दशांश शून्य शून्य. "पेन्सिल तेवढीच आहे, मग जास्त काय कळलं?" तू विचारलंस. मी म्हटलं, पट्टीने आठ म्हणजे साधारण आठ, पावणेआठच्या पुढे कुठेही असू शकेल. व्हर्नियरने शतांशापर्यंत जाऊन पाहिलं, आणि तिथे जास्तीचं काही सापडलं नाही. तू थोडा वेळ विचार केलास आणि म्हणालीस, "म्हणजे हे शून्य तिथे जाऊन आलंय." नंतर तू दाराची कडी मोजलीस, आईची सुई मोजलीस, आणि बाबा झोपलेले असताना त्यांचं नाक मोजून भिंतीवर ५.२० लिहिलंस. मार मात्र मला बसला.

मुलीला मग ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट दाखवली. नुसता आकडा असेल तर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. पुढे दोन स्थानं असतील तर फक्त दोन शतांश. तू पास केलेल्या पिना पावणेबाराच्या थोड्या वर होत्या. १२ म्हटलं तर उत्तम माल, १२.०० म्हटलं तर भंगार. त्या पिनांतली एक सैल होऊन निसटली, लिफ्ट अर्धा मजला खाली सरकली आणि खाली काम करणाऱ्या मेकॅनिकची दोन बोटं गेली.

"मग ह्या बाई खोटं बोलल्या?" तिने विचारलं.

"कागद तुझ्यासमोर आहे, तूच बघ," मी म्हटलं. चौकशी समितीलाही मी हेच सांगितलं होतं, ह्याच शब्दांत. घरीही. तेव्हा आई तुला म्हणाली होती, "अगं, शून्याला काय किंमत? झाली चूक म्हण आणि मोकळी हो." तू म्हणाली नाहीस. सगळ्यांनी तुला हट्टी ठरवलं. तू घर सोडून गेलीस तेव्हा मला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. असं का झालं असेल, त्याचा विचार कर.

दादा


५ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं कार्ड मिळालं. 'फाइल पाठवायची ती पाठव. पत्रं नकोत.' अक्षर तसंच आहे, पट्टी लावून काढल्यासारखं.

पत्र नको म्हटल्यावर पत्र लिहितोय, त्याची वेगळी माफी मागत नाही. मागायची ती बरीच मोठी आहे, सुटी सुटी मागून पुरी पडायची नाही.

पिनचं जुनं ड्रॉइंग माझ्या आधीच्या कोणीतरी काढलेलं होतं. त्याच्या घड्या पडल्या होत्या. त्या महिन्यात मला तसे ऐंशी कागद नव्याने उतरवायचे होते, आणि मॅनेजर रोज संध्याकाळी किती झाले ते विचारायचा. पिनच्या कागदाची घडी नेमकी मापावरून गेली होती. बारा दिसत होतं. पुढे एक ठिपका दिसत होता. त्यापुढे घडीत शाई उडून गेली होती. बारा लिहून पुढे नुसता ठिपका कोणी देत नाही, हे मला कळत होतं. डिझाइनची वही दोन कपाटं पलीकडे होती. उठून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी उठलो नाही. तो ठिपका शाईचा डाग आहे असं ठरवलं, नव्या कागदावर १२ लिहिलं आणि पुढचा कागद ओढला.

अशी चूक कोणाच्याही हातून होते. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याचा काही उपयोग होत नाही. ह्यापुढचं मात्र कोणाच्याही हातून होत नाही.

बोटं गेल्याचं जेवणाच्या सुटीत कळलं. पिन सैल होती हेही कळलं. मी माझ्या बोर्डापाशी गेलो, वही उघडून पाहिली, आणि मी उतरवलेल्या मूळ ट्रेसिंगवर, म्हणजे ज्या पारदर्शक कागदावरून प्रती निघतात त्यावर, बाराच्या पुढे ठिपका देऊन दोन शून्यं काढली. जागा कमी होती, ती चेपून बसवावी लागली. अमोनियाच्या मशीनवर नवी छापप्रत काढली. तपासणी विभागात तू नव्हतीस, मेकॅनिकबरोबर इस्पितळात गेली होतीस. तुझ्या टेबलावरची प्रत उचलली आणि नवी ठेवली. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील. तेव्हा मात्र मी बरोबर उठलो.

तुझ्यासमोरच्या कागदावर १२ च होतं. पुढे काही नव्हतं. तू खरं बोलत होतीस आणि हे सिद्ध करू शकणारा माणूस समितीपुढे तुझ्या शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसला होता.

इतकं लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. जेवलो मात्र नाही.

दादा


१६ फेब्रुवारी

टिल्लू,

वहिनीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं, हातातला टॉवेल परत उलगडला आणि पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "सासूबाई गेल्या तेव्हा वन्सं मागे उभ्या होत्या. मी त्यांना आत या म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि ते मी तुमची बाजू धरून केलं." त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं चालू आहे. डॉक्टरची वेळ किती, दूध आलं का, एवढंच.

तीन गोष्टी मागच्या पत्रात लिहिल्या नाहीत. लिहायच्या राहिल्या नाहीत, मी ठेवल्या.

एक. तुझ्या टेबलावरून उचललेली प्रत माझ्याकडे आहे. फाडली नाही. ड्राफ्ट्समनला कागद फाडवत नाही, एवढंच त्याचं कारण. त्यात माझा चांगुलपणा शोधू नकोस. घरच्या कपाटावर पत्र्याच्या नळकांड्यात ती एकोणीस वर्षं आहे. काल काढून पाहिली. १२ च्या खाली तुझ्या पेन्सिलीचे आकडे आहेत: ११.७८, ११.८१, ११.८०. शेजारी तुझी छोटी सही आणि तारीख. त्या ११.८० मधलं शून्य तू सोडलं नाहीस. दुसऱ्या कोणीही ११.८ लिहून हात झटकले असते. तू तिथपर्यंत पाहिलं होतंस म्हणून लिहिलंस. मी काहीही न पाहता दोन लिहिली.

दोन. तू मला विचारलं होतंस. ती प्रत घेऊन तू बोर्डापाशी आलीस. "दादा, ही ब्रेकची पिन ना? नुसतं बारा? पुढे काही नाही?" मी मानही वर केली नाही. "कागदावर आहे तेच माप. आता माझी परीक्षा घेतेस होय गं?" तू हसलीस आणि गेलीस. समितीपुढे तू हे सांगशील म्हणून मी रोज धास्तावलेला असायचो. तू एका शब्दाने बोलली नाहीस. जबाबात माझा उल्लेखसुद्धा नाही. दादा आपणहून उठून सांगेल, असं तुला वाटत होतं का? ह्याचं उत्तर नको. मला ते माहीत आहे.

तीन. शेवटच्या आठवड्यात आई मला म्हणाली, "धाकटीला कळव, चूक झाली एवढं म्हण म्हणावं. मी रागावणार नाही." मी "कळवतो" म्हटलं. औषधाची बाटली जागेवर ठेवली आणि बाहेर जाऊन बसलो. तू चुकलीस असं समजूनच आई गेली. ह्याला काही उपाय नाही.

आता टेबलावर दोन पाकिटं आहेत. एकात फाइल, आहे तशी. दुसऱ्यात फाइल, तुझी प्रत, मूळ ट्रेसिंग आणि माझा सही केलेला जबाब. दुसरं पाठवलं तर माझ्या चौतीस वर्षांचं काय होईल ते तुला सांगायला नको. मी ते पाठवायला तयार आहे. पण हे सगळं पुन्हा उकरून काढलेलं तुला चालेल का? कोणतं पाठवू, ते तू सांग.

दादा


२७ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं दुसरं कार्ड. 'मला विचारून मोकळा होऊ नकोस. तुझं तू ठरव.'

ते वाचून राग आला. इतकी वर्षं गेली तरी ही नाकावर माशी बसू देत नाही, असं मनात म्हटलं. वहिनीला कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय. तुम्हाला अजूनही सही त्यांचीच हवी आहे." दुपारपर्यंत मी चिडून होतो. मग तुम्हा दोघींचं बरोबर आहे हे कळलं, आणि ते कळल्यावर जास्तच चिडलो.

दुसरं पाकीट काल गेलं. स्कॅनरवाल्या मुलीनेच वजन करून पावती केली. तिला सगळं सांगितलं होतं. ती 'हो का' म्हणाली नाही. "काका, मग इतकी वर्षं तुम्ही इथे सगळ्यांना ड्रॉइंग कसं वाचायचं ते शिकवत होतात?" असं विचारलं. मी हो म्हटलं.

पाकिटातल्या जबाबाची एक प्रत मॅनेजरला दिली. हा तेव्हाचा नव्हे, नवा आहे, तरुण आहे. त्याने दोनदा वाचली. "अहो, महिना राहिला होता तुमचा," तो म्हणाला. माझ्यासाठी त्यालाच वाईट वाटत होतं. संध्याकाळी निलंबनाचं पत्र हातात आलं. माझं कपाट त्यांनी माझ्यासमोर बंद केलं.

येताना मेकॅनिककडे गेलो. तो आता किल्ल्या बनवतो. तीन बोटांच्या हाताने किल्ली धरतो आणि दुसऱ्याने कानस चालवतो. गिऱ्हाइकं नव्हती. मी उभ्यानेच सांगितलं. त्याने कानस खाली ठेवली नाही. "बाई इस्पितळात रोज यायच्या," तो म्हणाला. "माझी बायको त्यांना नाही नाही ते बोलायची, तरी यायच्या. तुम्ही आज आलात." मग त्याने तुझा पत्ता मागितला. तुला न विचारता दिला आहे.

दादा


२२ मार्च

टिल्लू,

परवा मंडळाच्या खोलीत तू स्वतः होतीस, तेव्हा तिथे काय झालं ते तुला कळवण्यात अर्थ नाही. परवाना मंजूर झाल्याचा कागद तुझ्या हातात पडलेला मी पाहिला आहे. तरी हे लिहितोय. ह्यानंतर तू लिहिल्याशिवाय लिहिणार नाही.

मी लवकर पोचलो होतो. लांब टेबल, तीन अधिकारी, टोकाला लिहून घेणारा कारकून. तू आलीस आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलीस. केस पुढून पांढरे झालेत. चष्मा बदलला आहेस. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, म्हणून मला तुला नीट पाहता आलं.

मधल्या अधिकाऱ्याने ट्रेसिंग खिडकीच्या काचेवर धरलं. बारा मऊ काळं दिसत होतं आणि पुढची दोन शून्यं चकाकत होती. शाई वेगळी होती. एकोणीस वर्षांत कोणीही ते ट्रेसिंग उजेडात धरलं नव्हतं. "ही तुम्ही काढलीत?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "माप घेऊन?" मी नाही म्हटलं. "वहीत बघून?" मी म्हटलं, "अपघातानंतर."

मग तो तुझ्याकडे वळला. तुमच्या कागदावर काय होतं? तू म्हणालीस, "बारा." पुढे? "पुढे काही नव्हतं." तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस, पण ह्या वेळी कारकुनाने ते लिहून घेतलं. पेनाचा आवाज मला ऐकू आला.

"ब्रेकची पिन, आणि नुसतं बारा. तुम्हाला शंका आली नाही?"

"आली. विचारलं."

"कोणाला?"

"ड्रॉइंग काढणाऱ्याला."

तो कागदांत डोकावला. "हे तुमच्या जुन्या जबाबात नाही."

"नाही," तू म्हणालीस. मला वाटलं आता माझं उत्तरही सांगशील, आणि सांगितलंस तर बरं, असंही वाटलं. पण तू तेवढ्यावरच थांबलीस आणि त्याने पान उलटलं.

शेवटी कारकुनाने माझा जबाब पुरा करायला घेतला. नाव, वय, हुद्दा. मग त्याने विचारलं, "साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं?" शब्द तोंडाशी आला होता, पण तो वापरायची मला लाज वाटली. सहकारी म्हणावं असं मनात आलं. कारकून घाईत होता. "नातं काही नसेल तर रेघ मारतो," तो म्हणाला आणि त्याने पेन टेकवलं.

"रेघ मारू नका," तू म्हणालीस. तू उठून उभी होतीस, पर्स खांद्याला होती. "सख्खा भाऊ लिहा. कोणी केलं ते वाचणाऱ्याला कळू दे."

त्याने लिहिलं. मी खाली सही केली.

दादा